पासवर्ड कुणी ठेवायचा

विट्यातल्या ज्या कॉम्प्युटर सेंटरवर मी नोकरीला लागले, ते आधी टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सेंटरच्या मालकांना सगळे सरच म्हणायचे. त्यांनी अर्धे टाइपरायटर विकून कॉम्प्युटर घेतले होते, आणि उरलेले टाइपरायटर भिंतीकडेला झाकणं घालून ठेवले होते. मी सांगलीत कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. घर मलकापूरला, म्हणजे कराडला लागूनच. सकाळच्या एसटीनं कडेगाववरून विट्याला यायचं आणि संध्याकाळी परत जायचं, असा माझा दिवस होता.

सेंटरवर इंटरनेट आलं तेव्हा पहिले काही दिवस लोक नुसतं बघायला यायचे. मोडेमचा आवाज सुरू झाला की बाकावरची माणसं बोलायची थांबायची. पण विट्याच्या आसपासच्या गावांना ई-मेलचा उपयोग लगेच कळला. इथल्या घरटी एकदोन माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायची दुकानं टाकून देशभर पसरलेली. कुणी कोइमतूरला, कुणी कानपूरला, कुणी पार सिलिगुडीला. पत्र पोचायला आठवडा लागायचा, आणि फोनवर मागं रांग उभी असताना मनातलं बोलता यायचं नाही. ई-मेलमध्ये मराठी अक्षरं नव्हती, तरी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लोक पटकन शिकले.

अडचण यायची ती पासवर्डची. खातं उघडून दिलं की पुढच्या खेपेला गिऱ्हाईक हसत यायचं आणि म्हणायचं, “त्यो शब्द काय हुता ते आठवंना बगा.” मग नवीन खातं. मग जुन्या पत्त्यावर कोइमतूरहून आलेली मेल तिथंच पडून. सरांनी यावर सोपा उपाय काढला. सगळ्यांचे पासवर्ड एका फाइलमध्ये टाइप करून पहिल्या मशीनच्या पडद्यावर समोरच ठेवून दिले. फाइलचं नावही ‘पासवर्ड’. विसरला तर विचारायला लांब जायला नको. गिऱ्हाइकं खूश होती. “तुमच्याकडंच असू द्या, आमाला काय ध्यानात राहतंय,” असं म्हणणारेच जास्त.

एक वहिनी बाजारच्या दिवशी यायच्या. जवळच्याच गावातल्या, तिशीच्या आसपास, दोन मुलींची आई. नवऱ्याचं कोइमतूरला गलाईचं दुकान. दोघांनी मिळून एकच खातं ठेवलं होतं. तो तिकडच्या कुठल्याशा सेंटरवर बसून लिहायचा आणि त्या इथं वाचायच्या, उत्तर द्यायच्या. दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या. सुरुवातीला त्या सांगायच्या आणि मी टाइप करायची. पण दोन-तीन खेपांनंतर म्हणाल्या, “ताई, मी बगू का करून?” मग एका बोटानं अक्षर शोधत, ओठ हलवत लिहायला लागल्या. मी शेजारून उठून जायची. त्यांनी कधी उठा म्हटलं नाही, पण मी उठले की त्यांचं बोट जरा भरभर चालायचं.

एका बाजारच्या दिवशी त्या आल्या, पण मशीनवर बसल्याच नाहीत. पिशवी पायाशी ठेवली आणि मला विचारलं, “ताई, माजी चिट्टी कुणी वाचली?”

मला काही कळेना.

त्या म्हणाल्या, “मी त्यास्नी लिवलं हुतं, की पोरींची शाळा तिकडं घाला, मला बी घिऊन चला, मला हितं ऱ्हावंसं वाटत न्हाई. ह्येच शब्द काल जेवताना दीर बोलला. आसंच्या आसं. म्हणला, वैनीला हितं ऱ्हावंसं वाटत न्हाई म्हणं.”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. शेजारच्या मशीनवरच्या माणसाला ऐकूही गेलं नसेल. मी सरांकडे गेले. सरांनी लपवलं नाही. परवा मी जेवायला गेले होते तेव्हा वहिनींचा दीर आला होता. म्हणाला, भावाची मेल बघायची आहे, पासवर्ड घरी राहिला. सरांनी फाइल उघडून दिली.

“घरचाच माणूस आहे,” सर म्हणाले. “भावानं भावाची मेल बघितली. त्यात काय लपवायचं?”

“मेल भावाची एकट्याची नव्हती ना सर. वहिनींचीपण होती.”

“मग खातं दोघांत कशाला काढलं?” सर म्हणाले. पण म्हटल्यावर त्यांनाच ते बरोबर वाटलं नसावं. वहिनी अजून तशाच बसून होत्या. सरांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाले, “तूच काहीतरी चांगली पद्धत शोध. पण एक ध्यानात ठेव. लोकांना काही लक्षात ठेवायला सांगशील तर लोक यायचे नाहीत.”

त्या दिवशी घरी जाऊन मी वडिलांना हे सांगितलं. वडील फौजेतून आलेले. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध नव्हता, पण पासवर्ड हा शब्द आमच्या घरात त्यांनीच पहिल्यांदा आणलेला. फौजेत पहाऱ्यावरच्या माणसाला पासवर्ड सांगितला तरच आत सोडायचे, आणि तो रोज बदलायचा. “तो कुणाला सांगायचा, हे आधी ठरायचं,” वडील म्हणाले. “शब्द काय ठेवायचा, ते नंतर.” मला त्या वेळी ते फार मोलाचं वगैरे वाटलं नाही. जेवून मी झोपले.

सेंटरवर शोधाशोध सुरू केली. सरांकडे त्यांच्या मेव्हण्यानं आखातातून आणलेली डिजिटल डायरी होती, तळहाताएवढी, बारीक बटणांची. तिच्यात लपवून ठेवायचा एक कप्पा होता, आणि त्याला कुलूप. सर म्हणाले, सगळ्यांचे पासवर्ड हिच्यात भरू. पण डायरी सरांच्या खिशात राहणार, म्हणजे सर कामानं तासगावला गेले की सेंटर बंद. शिवाय तिचा सेल उतरला तर आतलं सगळं पुसून जायचं. ते एकदा झालंही होतं, आणि सरांच्या पाहुण्यारावळ्यांचे फोन नंबर तेव्हाच गेले होते.

मग एका कॉम्प्युटर मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर मला एक लहानसा प्रोग्रॅम सापडला. पासवर्ड ठेवायचा डबाच म्हणायचा. आत हवे तेवढे पासवर्ड भरायचे आणि डब्याला एकच मोठा पासवर्ड घालायचा. तो दिला की डबा उघडणार, नाहीतर नाही. मी माझे दोन-तीन पासवर्ड घालून बघितले. ती फाइल दुसरीकडून उघडायचा प्रयत्न केला, तर नुसतीच चित्रविचित्र चिन्हं दिसली. मला पसंत पडलं. मी सरांना दाखवलं. सगळ्या गिऱ्हाइकांचे पासवर्ड या डब्यात टाकू, ती उघडी फाइल पुसून टाकू.

“मस्त,” सर म्हणाले. “डब्याचा शब्द काय घातलास?”

मी सांगितला. मालकच ते, त्यांना नाही कसं म्हणणार? आणि सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या दिवशी मी जेवायला गेल्यावर जे झालं ते उद्या पुन्हा होणार. आधी फाइल उघडली होती, आता डबा उघडतील. आणि सर नसतील तेव्हा लोक मला गळ घालतील. वडिलांनी सांगितलेलं मला तेव्हा आठवलं. शब्द कुणाला सांगायचा हे मी ठरवलंच नव्हतं.

तो प्रोग्रॅम इतका लहान होता, की डब्यासकट एका फ्लॉपीवर मावायचा. मग मी दुसरा विचार केला. सगळ्यांचा मिळून एक डबा नकोच. ज्याला हवा त्याला त्याच्या त्याच्या फ्लॉपीवर त्याचा डबा करून द्यायचा, आणि शब्द त्याचा त्यानं घालायचा. मला कळता कामा नये. सरांना पटायला वेळ लागला. “आणि विसरला तर?” ते विचारत राहिले. विसरला तर गेलं, हे मी सरळ सांगून टाकलं. शेवटी ते म्हणाले, बघ ज्यांना पाहिजे त्यांना देऊन.

फार जणांना नको होतं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “पोरी, माझ्या मेलमध्ये काय हाय? जावयाची खुशाली. तूच ठिव.” त्यांचं खरंच होतं. त्यांचा पासवर्ड मी त्यांच्या सांगण्यावरून ठेवला. वहिनींना मात्र मी सगळं समजावून सांगितलं. हा शब्द विसरलात तर मला काही करता येणार नाही, सरांना नाही, ज्यानं हा प्रोग्रॅम लिहिला त्यालाही नाही.

“मंजी खरंच कुणालाच उगडणार न्हाई?”

“कुणालाच नाही.”

“मग ह्योच द्या,” त्या म्हणाल्या.

खात्याचा जुना पासवर्ड सरांच्या फाइलमध्ये होता, म्हणून तो आधी बदलून नवा डब्यात टाकायचा आणि मग डब्याला शब्द घालायचा, हे दाखवून मी खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसले. मागं एकेक बटण दाबल्याचा आवाज येत होता. मध्येच थांबला. “ताई, मी अक्षर दाबतीय आन् नुसत्या चांदण्या उमटत्यात. बिगाडलं का काय?” मी न वळता सांगितलं, की ते तसंच असतं, शेजारच्याला दिसू नये म्हणून. “आसं व्हय,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा आवाज सुरू झाला. शब्द चांगला लांबलचक असावा. तो काय होता हे मला आजही माहीत नाही.

आता राहिला नवरा. दोघांचं खातं एक, तर डबाही दोघांकडे हवा. मी त्याच डब्याची दुसरी फ्लॉपी करून दिली. गावातला एक भाचा कोइमतूरला निघाला होता, त्याच्याबरोबर मिरजेहून गाडीनं ती रवाना झाली. पण डबा उघडायचा शब्द नवऱ्याला कसा सांगायचा? मेलमध्ये लिहायचा नाही, भाच्याला सांगायचा नाही. सेंटरच्या कोपऱ्यात एसटीडीचा काचेचा बूथ होता, पण त्याचं दार नीट बसायचं नाही. बाहेर बाकावर बसलेल्याला आतलं सगळं ऐकू यायचं.

वहिनींनी त्यातून वाट काढली. फ्लॉपी पोचल्याचं कळल्यावर त्या बूथमध्ये गेल्या. मी काउंटरवर होते आणि बाकावर दोन-तीन बायका आपल्या नंबराची वाट बघत होत्या.

“आवं, ऐका,” वहिनी म्हणाल्या. “तुमी मला बगायला आला हुतासा. मी पव्हं आणून ठेवलं. तवा तुमी पयल्यांदा काय बोललासा, ते आठवतंय का?”

तिकडून काहीतरी उत्तर आलं.

“न्हाई, ते नंतर. त्याच्या आदी.” तिकडून पुन्हा काहीतरी. “न्हाई वो, ते तुमचं मामा बोललं. तुमी काय बोललासा?” मग एकदम त्यांचा चेहरा सैल झाला. “व्हय. त्येच. त्येच इंग्रजीत लिवायचं, सगळं जोडून. आन् तिकडं मोठ्यांदा म्हणू नगा.”

फोन ठेवून त्या बाहेर आल्या, तर बाकावरच्या एकीनं विचारलंच, “काय बोललं हुतं गं?”

“इसरले,” वहिनी म्हणाल्या आणि पैसे देऊन निघून गेल्या.

एवढं करून डबा तिकडं उघडलाच नाही. मराठी शब्द इंग्रजीत लिहायचा म्हणजे दहा तऱ्हा. पुढच्या खेपेला पुन्हा फोन. कुठं एक ए आणि कुठं दोन, एच घातलाय का नाही, यावर दोघांचं बराच वेळ चाललं होतं. बोलता बोलता वहिनींनी बाकाकडे बघितलं, आणि मग म्हणाल्या, “आपल्या थोरलीच्या नावात हाय तसं. तसंच हितं बी करा.” त्यानंतर उघडला. त्याची मेल आली ती वाचून वहिनी एकट्याच हसल्या. मला एवढंच सांगितलं, की तो म्हणतो, इतक्या वर्षांनी तुझ्या ते ध्यानात होतं होय.

दोन ठिकाणी दोन डबे, यातली खोट मात्र नंतर कळली. नवऱ्याला तिकडच्या सेंटरवर कुणीतरी सांगितलं, की ई-मेलचा पासवर्ड अधूनमधून बदलावा. त्यानं बदलला, आपल्या फ्लॉपीतला नोंदवला, आणि इकडच्या फ्लॉपीत जुनाच राहिला. वहिनी बाजारच्या दिवशी आल्या, तर खातं उघडेना. त्या घाबरल्या. त्यांना वाटलं, पुन्हा दिरानंच काहीतरी केलं. फोन लावला तेव्हा उलगडा झाला, आणि नवऱ्यानं जुनाच पासवर्ड पुन्हा घातला. मी म्हटलं, दोन्ही फ्लॉप्या कायम सारख्या ठेवायच्या तर प्रत्येक बदलाला माणूस पाठवावा लागेल, ते काही जमायचं नाही. दोघांपैकी एकानंच बदल करायचा, तोही नवी फ्लॉपी न्यायला कुणी जाणारं असेल तेव्हाच, आणि दुसऱ्यानं हात लावायचा नाही, असं ठरवा.

वहिनींनी फोनवर नवऱ्याला सांगितलं, “बदलायचं आसंल तवा मी बदलीन. तुमी बदलू नगा.” तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. पण नंतर कधी असा घोळ झाला नाही.

दीर पुन्हा आला तो काही आठवड्यांनी. मी तेव्हा सेंटरवरच होते. वहिनींची फ्लॉपी घरी कुणाच्या हाती लागणार नाही अशी जागा नव्हती, म्हणून ती माझ्या ड्रॉवरमध्ये असायची. दीर पंचविशीचा, शेतातून थेट आल्यासारखा, चपलांना माती.

“म्याडम, वैनीची फ्लॉपी काडा जरा.”

“ती त्यांची आहे. त्यांना विचारल्याशिवाय देता येणार नाही.”

त्यानं सरांकडे बघितलं. सर म्हणाले, “दे गं, बघू दे.” मी ड्रॉवर उघडून फ्लॉपी टेबलावर ठेवली. सरांनी स्वतः ती मशीनमध्ये घातली. पडद्यावर चौकट आली, शब्द विचारणारी. दिरानं गावाचं नाव घातलं. नाही. मोठ्या पुतणीचं नाव, धाकटीचं नाव, कुलदैवताचं नाव. नाही. सरांनी माझ्याकडे बघितलं.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. ते खरंच असल्यामुळे मला ते म्हणताना काहीच जड गेलं नाही.

मला वाटलं, आता हा भांडेल. पण तो खुर्चीत तसाच बसला. मग म्हणाला, “म्याडम, मला कुणाचं वाचायची हौस न्हाई. आई हातरुणाला खिळलीय. वैनी गेली तर आईचं कोण बगणार? मी रानात असतोय, दादा तिकडं. जाणार का ऱ्हाणार, एवडंच मला कळू द्या. आदी कळलं तर कायतरी करता येतंय.”

तोवर माझ्या मनात तो चोरून वाचणारा माणूस होता. मी एवढंच म्हटलं, की हे तुम्ही त्यांनाच विचारा. “घरात आसं कुणी इचारत न्हाई,” तो म्हणाला आणि गेला. सर नंतर माझ्यावर चिडले. गिऱ्हाईक तुटलं म्हणाले. पण फ्लॉपी त्यांनी स्वतःच काढून माझ्या ड्रॉवरमध्ये परत टाकली.

पुढचं मला वहिनींकडून कळलं. दिरानं खरंच विचारलं, सगळ्यांसमोर, सासऱ्यांच्या देखत. वहिनींनीही मग झाकून ठेवलं नाही. पोरींना तिकडं चांगली शाळा आहे, तुमचे दादा एकटे हातानं करून खातात, मला जायचंय, पण आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, टाकून कसं जाऊ, म्हणून अडलंय. सासरे म्हणाले, जायचं काही कारण नाही. तेव्हा आतल्या खोलीतून सासूचा आवाज आला, “मला बी घिऊन चल की. मला तर कुटं थोरला ल्योक बगाय मिळतोय?”

“त्यास्नी कुणी इचारलंच नव्हतं, ताई,” वहिनी मला म्हणाल्या. “मी बी न्हाई.”

मुलींची परीक्षा झाल्यावर ते निघाले. नवरा घ्यायला आला होता. मिरजेपर्यंत जीप केली, सासूला मागच्या बाकावर गादी टाकून झोपवलं. सासरे आणि दीर इथंच राहिले. दिराचं लग्न ठरत होतं. जाण्याआधी वहिनी नवऱ्याला घेऊन सेंटरवर येऊन गेल्या. तो हडकुळा, लाजाळू माणूस होता. सरांशी दुकानाचं बोलला, माझ्याशी काहीच नाही. वहिनींनी ड्रॉवरमधली फ्लॉपी मागून घेतली आणि पर्समध्ये, मुलींच्या दाखल्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवली.

सेंटरवर हळूहळू आणखी काही जणांनी फ्लॉप्या करून घेतल्या, जास्त करून बायकांनी. सरांची उघडी फाइल मी त्यांच्यासमोर पुसली. म्हाताऱ्या गृहस्थांचा पासवर्ड माझ्या लक्षात होता, तो शेवटपर्यंत मीच सांगत राहिले. वर्षभरानं मला साताऱ्यात एका ऑफिसात नोकरी लागली आणि विटा सुटलं.

वहिनींच्या मेल मला साताऱ्यातही यायच्या, महिन्या दोन महिन्यांनी. आता त्यांना टाइप करायला वेळ लागत नव्हता, हे मेलच्या लांबीवरून कळायचं. एकदा लिहिलं होतं, की आत्या आता उठून बसतात. सकाळी त्यांना खुर्चीत घालून दारात ठेवते. भाजीवाली येते, ती तमिळमध्ये भाव सांगते, आत्या तिला मराठीत नाही म्हणतात, आणि दोघींचं बरोबर जमतं. भाजी मात्र रोज जास्तच येते घरात. मुली शाळेत रुळल्या. दिराची बायको चांगली आहे, सासऱ्यांचं सगळं वेळेवर करते. सासरे एकदा येऊन चार दिवस राहून गेले, पण त्यांना तिकडचा भात मानवला नाही.

मी उत्तरात माझ्या ऑफिसचं, साताऱ्याच्या थंडीचं लिहायची. पुढं माझं लग्न झालं, त्यांनी दुसरीकडे दुकान हलवलं असं कुणाकडून तरी कळलं, आणि मेल येणं कमी होत गेलं. शेवटची आली तिच्यात त्यांनी विचारलं होतं, की आत्यांना ज्वारीची भाकरी खावीशी वाटते, इकडं चांगलं पीठ मिळत नाही, साताऱ्याहून कुणी येणारं आहे का. मी चौकशी केली. येणारं कुणी मिळालं नाही, म्हणून पार्सलनं पीठ पाठवलं.